बर्फापुढचं गाऱ्हाणं

दार्सैत, मस्कत
१९ जानेवारी २०२५

पूर्वाच्या आईस,

आशीर्वाद लिहीत नाही. जिला नवऱ्याच्या परवानगीची गरज नाही तिला आशीर्वाद तरी कशाला हवेत?

फोन मुद्दाम करत नाही. केला तर तोंडातून काय निघेल याचा भरवसा नाही आणि शेजारची भिंत पातळ आहे. म्हणून हा ईमेल. मोबाइलवर मराठी टाइप करताना बोटाचा कीस पडतो, त्याचंही पाप तुलाच.

काल वर्कशॉपमधून आलो तर घराला कुलूप. म्हटलं, खाली भाजीला गेली असेल. आत आलो तर फ्रीजवर चिठ्ठी. 'नूतनबरोबर ग्लेशियर बघायला चालले. डाळ खालच्या कप्प्यात आहे. आधी ती संपवा, मगच आमटीला हात लावा.' अगो, ग्लेशियर! चिली देशात, जगाच्या बुडाशी! जिला कणकवलीहून गावाला जाताना फोंड्याच्या वळणावर गाडी लागते, ती पाठीवर बोचकं बांधून चिलीला निघाली, आणि चिठ्ठीत ग्लेशियरला एक ओळ नि डाळ-आमटीला दोन!

तीस वर्षं मी रुवीत एसी आणि डीप फ्रीजर दुरुस्त करतोय. लोकांच्या फ्रीजरमधला बर्फ खरवडून खरवडून नखं गेली माझी. बर्फच बघायचा होता तर वर्कशॉपला यायचं होतंस, खुर्ची टाकून दिली असती.

तू म्हणशील, मी विचारलं होतं. विचारलं होतंस. मी काय म्हटलं? 'इन्शाल्ला.' आमच्या वर्कशॉपमध्ये कस्टमरने विचारलं, फ्रीज आज मिळेल का, की आम्ही म्हणतो इन्शाल्ला, आणि कस्टमर समजतो की आज काही खरं नाही. एवढं तुला तीस वर्षांत कळू नये? ही रजा एकनाथच्या वास्तुशांतीसाठी राखून ठेवली होती. धाकटा भाऊ घर बांधतो आणि मोठी वहिनी सॅक घेऊन डोंगरात. काय सांगू त्याला?

आणि पासपोर्ट! माझ्या कपाटातून, मला न विचारता!

त्या नूतनबाईंचं सोड. नवरा अल खौदला युनिव्हर्सिटीत, पोरं परदेशी, बाईंना उद्योग नाही. तुला भेटली कुठे ती? तू शुक्रवारी 'चालायला जाते' म्हणायचीस. मला वाटलं मत्राहच्या कॉर्निशवर, समुद्रकाठी, चार पावलं टाकत असशील.

इथल्या मराठी मंडळात सांगितलंय की तू पुण्याला पूर्वाकडे गेलीस. म्हणजे तुझ्यापायी साठीला आलेला माणूस खोटारडा झाला. ७ फेब्रुवारीला मंडळाची सत्यनारायणाची पूजा आहे. त्याआधी परत ये. डाळ संपली.

बाळकृष्ण


पुएर्तो नातालेस, चिली
२३ जानेवारी

अहो,

तुमचं पत्र हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात वाचलं. नूतनने विचारलं, एवढी का हसतेस? मी हसत नव्हते, माझे दात वाजत होते. निम्मे थंडीने, निम्मे रागाने.

पासपोर्ट 'तुमच्या' कपाटातला, पण फोटो माझा आहे त्याच्यावर. आणि ऐका, व्हिसासाठी तो तीन आठवडे कपाटात नव्हता. तुम्ही रोज ते कपाट उघडून बनियन काढत होतात. लक्षात आलं?

इन्शाल्लाचं मला शिकवू नका. तुमचे ओमानी मालक, ते अर्बाब, म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ असतो, देवाची इच्छा असेल तर. तुम्ही म्हणता तेव्हा अर्थ असतो, माझी इच्छा नाही. देवाच्या नावावर स्वतःचा कंटाळा खपवायचा! म्हणून या खेपेला मी तुमचं इन्शाल्ला अर्बाबांच्या अर्थाने घेतलं आणि तिकीट काढलं. मोदकांच्या ऑर्डरीचे माझे पैसे होते, तुमच्या खिशाला हात लावलेला नाही.

ते कॅलेंडर आठवतं? एसीच्या कंपनीने दिलेलं, पूर्वा चौथीत असताना? त्यातलं जानेवारीचं पान मी मसाल्याच्या कपाटात आतून चिकटवलं होतं. निळा बर्फ, हा एवढा. मे महिन्यात ओट्यापाशी उभी राहून घामाने निथळताना मी ते कपाट उघडायची, हळद घ्यायची आणि बघायची. तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही म्हटलंत, 'पुढच्या रजेत बघू.' पुढच्या रजेत एकनाथ भावजींची विहीर आली. त्याच्या पुढच्या रजेत त्यांची गॅलरी. आता वास्तुशांत. तेलकट होऊन होऊन ते पान गळून पडलं, तरी आपली रजा काही आली नाही.

इथे यायला आम्हाला किती विमानं बदलावी लागली ते सांगत नाही, तुम्हाला चक्कर येईल. शिरा पडो त्या सँटियागोच्या कुत्र्यावर! घरून एक नारळ घेतला होता, ग्लेशियरपुढे फोडायला. विमानतळावरच्या फॉर्मवर विचारलं होतं, फळं आहेत का? मी लिहिलं, नाहीत. आपण श्रीफळ म्हणतो खरं, पण नारळ हे फळ आहे असं कुणाच्या डोक्यात येतं का? आंबा फळ, केळं फळ. नारळ म्हणजे नारळ. कुत्रा येऊन माझ्या सॅकपाशी बसला तो हलेना. त्या लोकांनी नारळ काढला, मला नीट समजावून ताकीद दिली आणि तो पिवळ्या डब्यात टाकून दिला. देवाचा नारळ, शेंडीसकट! मी मराठीत बरंच काही बोलले. नूतनने मला ओढत नेलं.

इथून उद्या बसने आत जायचं. मग पाठीवर तंबू घेऊन चालत. इथे माणसं कमी आणि वारा जास्त. काल बसच्या खिडकीतून तासन् तास नुसतं पिवळं गवत दिसत होतं, आणि उंटाच्या लहान भावासारखे दिसणारे ग्वानाको नावाचे प्राणी. तुमच्या अर्बाबांना आवडले असते.

आता मुद्द्याचं. माझं परतीचं तिकीट दुबईपर्यंतच आहे. तिथून मस्कतला यायचं की पुण्याला पूर्वाकडे कायमचं जायचं, ते मी ठरवलेलं नाही. धमकी देत नाही, खरंच ठरलेलं नाही. ग्लेशियर बघून ठरवेन. तीस वर्षांत तुम्ही एक गोष्ट केलेली नाही. विहीर नाही, दागिने नाहीत, गाडी नाही. त्याला एक पैसा लागत नाही. सांगणार नाही. तुम्हीच आठवा.

आमटी फ्रीजरमध्येही आहे. डब्यावर लिहिलंय.

प्रेमा


दार्सैत
२५ जानेवारी

पूर्वाच्या आईस,

कायमचं! हा शब्द तू टाइप केलास आणि पुढच्या ओळीत आमटी!

एक गोष्ट केली नाही म्हणे. काय केलं नाही मी? नोकरी लागल्यापासून एक दिवस घरी रिकाम्या हाताने आलो नाही. दारूचा थेंब नाही, पत्ते नाहीत. या दार्सैतमध्ये मराठी माणसं आहेत त्यांच्या घरात जाऊन बघ, कोण भांडी घासतं. मी रमजानात घासतो, ड्यूटी लवकर सुटते म्हणून. तुझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यात कोण गेलं होतं तिकडे? तेव्हा मला कुणी गोष्टी मोजून दाखवल्या नाहीत.

दोन दिवस डोकं पिकवलं. लग्नाचा वाढदिवस विसरतो, ते? ते सगळेच विसरतात. तुझ्या वरणाला चांगलं म्हणत नाही, ते? वाईट म्हणत नाही म्हणजे चांगलंच असतं. जहूरला विचारलं, आमचा ड्रायव्हर. तो म्हणाला, 'बाळूभाई, भाभी को घुमाया नहीं होगा.' मी म्हटलं, अरे बाबा, ती स्वतःच घूमती है. तो म्हणाला, तो फिर आप खुद सोचो. म्हणजे आता ड्रायव्हरही मला शिकवणार!

आणि माझी अब्रू पुरती गेली, ते ऐक. तुझ्या त्या नूतनने स्टेटसला फोटो टाकला. तू लाल जॅकेट घालून, पाठीवर सॅक, डोक्याला माकडटोपी, तोंडभर हसतेस. माझ्याबरोबरच्या एकाही फोटोत तू असे दात दाखवलेले नाहीस. तो गजेंद्रच्या बायकोने बघितला. गजेंद्र मंडळाचा सेक्रेटरी, म्हणजे सगळ्या मस्कतने बघितला. मला रुवीत भर रस्त्यात थांबवून म्हणतो, 'काय काका, पुण्यात बर्फ पडायला लागला वाटतं!' माझ्या हातात पाना होता. दिला नाही त्याच्या डोक्यात, एवढंच.

पूजेला गाऱ्हाणं दरवर्षीप्रमाणे मलाच घालायचं आहे. मी मागायचं आणि सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, असं हे गेली कित्येक वर्षं चाललंय. या वर्षी लोक माझ्याकडे बघून हसतील. तुझा प्रसादाचा शिराही नाही. गजेंद्रची बायको करणार आहे, म्हणजे गिठळ्या.

नारळाचं बरं झालं. परक्या देवापुढे आपला नारळ कशाला?

बाळकृष्ण


टोरेस देल पाइने
२९ जानेवारी

अहो,

ही इथली डोंगरातली निवाऱ्याची जागा. वायफाय विकत मिळतं आणि ते तुमच्यावर खर्च करतेय, हे ध्यानात घ्या.

नूतनचा पाय मुरगळला. ओढ्यावरच्या दगडावरून घसरली. सूज एवढी की बूट निघेना. ती इथेच पलंगावर पाय वर करून बसली आहे आणि मला म्हणते, 'आपण परत जाऊया, प्रेमा, झालं एवढं पुरे.' मी म्हटलं, तू आराम कर, मी एकटी जाते. तंबू माझ्या सॅकला बांधला. दार्सैतच्या चढावर मी पाण्याचे कॅन वाहिलेत, नूतनने जिममध्ये नुसते डंबेल उचललेत. इथे फरक कळतो. वारा मात्र लग्नातल्या व्याह्यांसारखा आहे, समोरून येतो आणि अंगावरच येतो. दोनदा मला खाली बसवलं त्याने. दुसऱ्यांदा मी बसल्या जागीच त्याला मालवणीत शिव्या घातल्या. आजूबाजूला कुणी नव्हतं, तेव्हा मनसोक्त.

तुम्ही पत्रात गाऱ्हाण्याचं लिहिलंत, तेव्हा हसू की रडू कळेना. गोष्ट तुमच्या हातात येऊन पडली होती. तुम्ही ती उचललीत आणि शिऱ्याच्या गिठळ्यांकडे वळलात.

ऐका तर. तीस वर्षं मी तुमच्या मागे उभी राहून 'व्हय म्हाराजा' म्हणतेय. गणपतीत, पूजेत, नव्या घराच्या प्रवेशात. तुमचं गाऱ्हाणं सगळ्या मस्कतला आवडतं, कारण तुम्ही कुणाला विसरत नाही. एकनाथ भावजींच्या गुडघ्यासाठी मागितलंत, त्यांच्या काजूच्या बागेसाठी मागितलंत. गजेंद्रच्या बायकोच्या व्हिसासाठी मागितलंत. जहूरच्या मुलाच्या परीक्षेसाठी. आणि त्या वर्षी, भर सभेत, अर्बाबांच्या शर्यतीच्या उंटाच्या पायासाठी मागितलंत! 'अर्बाबाच्या उंटाचो पाय बरो कर म्हाराजा.' लोक हसले, मीही हसले, आणि म्हटलं, व्हय म्हाराजा.

ते वर्ष आठवतं का? माझं पिशवीचं ऑपरेशन झालं होतं त्याच गणपतीच्या आधी. टाके ओले होते. डॉक्टरणीने उभं राहू नको म्हटलं होतं, तरी मी पोटाला उशी धरून तुमच्या मागे उभी राहिले. म्हटलं, आज तरी नाव येईल. उंटाचं आलं. माझं नाही आलं.

हे लिहिताना एवढ्या वर्षांनीही तेवढाच राग येतोय. मी देवाकडे तुमच्या हातून काही फार मागत नव्हते. नुसतं नाव घ्या, एवढंच. 'ह्या प्रेमाक बरा कर.' चार शब्द. उंटाला सहा मिळाले.

उद्या ग्लेशियर.

प्रेमा


दार्सैत
३१ जानेवारी

पूर्वाच्या आईस,

हे बरं आहे! म्हणजे तीस वर्षं तू मागे उभी राहून 'व्हय' म्हणत होतीस आणि आत हिशेब चालू होता. मला वाटायचं भक्ती आहे!

आता माझंही ऐक. गाऱ्हाणं घालायला मला बाबांनी शिकवलं. गावच्या देवळात ते घालायचे. त्यांनी पहिलीच गोष्ट सांगितली होती की घरच्या माणसाचं नाव घेऊन मागायचं नाही. गाऱ्हाणं घालणारा गावासाठी उभा असतो. त्याने स्वतःच्या बायकोपोरांचं मागितलं की तो लोभी दिसतो, लोक म्हणतात बघा, देवापुढेही आधी स्वतःचं ताट ओढलं. घरच्यांसाठी शेवटी डोळे मिटून मनात मागायचं. मी कधी डोळे मिटले नाहीत असं एकदा तरी झालंय का? तुझं ऑपरेशन झालं त्या वर्षी मी एवढा वेळ डोळे मिटून उभा राहिलो की गजेंद्रने मला कोपर मारलं. काका, झोपलात काय, म्हणाला. तेव्हा मी काय उंटाचा विचार करत होतो?

बाबांनीही आईचं नाव कधी घेतलं नाही. आई काही सॅक घेऊन चिलीला गेली नाही.

तीस वर्षं एका खोलीत राहून बायकोला नवऱ्याच्या मनातलं कळू नये, हा काय माझा दोष? मोठ्याने बोललं तेच खरं आणि मनातलं खोटं, हे कुठलं शास्त्र? मी रागावलो आहे. हे पत्र पाठवू नये असं वाटतंय, पण पाठवतो, म्हणजे तुलाही कळू दे.

एकटी गेलीस ना डोंगरात? इथे मला झोप नाही. पोचल्यावर एक ओळ टाक. एकच टाक, जास्त नको.

बाळकृष्ण


पुएर्तो नातालेस
३ फेब्रुवारी

अहो,

पोचले, बघितलं, सुखरूप परत आले. ही तुमची एक ओळ. आता बाकीच्या माझ्या.

कॅलेंडरवाल्यांनी फसवलं होतं. निळा रंग त्यांना जमलेलाच नाही. पायवाट शेवटच्या चढावरून वळली आणि समोर आला. मी सॅक काढायचीही विसरले. दोन डोंगरांच्या मधून वाहत आलेला बर्फ, आणि तो संपतच नाही मागे. पुढचं टोक तळ्यात उतरलेलं. त्यातून तुटलेले घराएवढे तुकडे पाण्यात तरंगताहेत, आणि आतून निळे, आपण कपड्यांना घालतो त्या निळीसारखे. मध्येच आत कुठेतरी मोठ्ठा आवाज होतो आणि मग शांत. तुम्ही म्हणाला होतात खुर्ची टाकून देतो. अहो, तुमच्या फ्रीजरला हे दाखवलं तर लाजेने बंद पडेल!

तिथे कठड्यापाशी दोन जर्मन मुली, एक म्हातारा चिलीवाला आणि त्याची नात, एवढेच होते. माझ्याजवळ नारळ नव्हता, अगरबत्ती वाऱ्यात पेटेना. मग मी त्यांना माझ्या इंग्लिशमध्ये सांगितलं, मी प्रार्थना करणार आहे, मी थांबले की तुम्ही म्हणायचं 'व्हय म्हाराजा'. दोन वेळा घोकून घेतलं त्यांच्याकडून. म्हातारा पटकन शिकला. आणि मी घातलं गाऱ्हाणं. बाई असून, मोठ्याने.

'बा देवा म्हाराजा! तू कोण, खयचो, माका ठाऊक नाय. पण तू मोठो आसस, म्हणान तुझ्या पुढ्यात उभी रवलंय म्हाराजा!'

व्हय म्हाराजा!

'नारळ हाडलेलंय, तो वाटेत काढून घेतल्यानी. त्येचो राग माझ्यार काढू नको म्हाराजा!'

व्हय म्हाराजा!

'नूतनचो पाय बरो कर. पूर्वाक सुखी ठेव. एकनाथाच्या घराक कोणाची नजर लागांदे नको. जहूरच्या झिलाक चांगली नोकरी गावांदे. ह्या म्हाताऱ्याक आणि ह्या चेडवांका सुखरूप घराक पोचव. अर्बाबाच्या उंटाक लंगडूक देव नको म्हाराजा!'

व्हय म्हाराजा!

'आणि ही प्रेमा. हिच्यासाठी आजपर्यंत कोणी काय मागूक नाय. हिचे पाय चलते ठेव, आणि हिका काय होया ता हिका कळांदे म्हाराजा!'

व्हय म्हाराजा! म्हाताऱ्याने तर टोपी काढून म्हटलं. मग मी रडले, आणि त्या जर्मन पोरींनी मला बिस्किटं दिली.

तुमच्या लक्षात आलं असेल, तुमचं नाव घेतलं नाही. मागितलं तुमच्यासाठीही. शेवटी डोळे मिटून, मनात. बाबांच्या शास्त्राप्रमाणे. कसं वाटतंय?

९ तारखेच्या रात्री दुबईला पोचेन. तिथवर काही ठरेलसं वाटतंय.

प्रेमा


दार्सैत
८ फेब्रुवारी

प्रेमा,

तुझं पत्र आल्यापासून उत्तर दिलं नाही, कारण मी संतापलो होतो. जहूरच्या मुलासाठी मागतेस, बिस्किटवाल्या पोरींसाठी मागतेस, लंगड्या उंटासाठी मागतेस, आणि ज्याला तीस वर्षं ताट वाढलंस त्याचं नाव नाही! मनात होतं म्हणे. मनातलं मला कसं कळणार? असं मी वर्कशॉपमध्ये जहूरला ओरडून सांगितलं. जहूरने रेडिओ बंद केला. मग मलाच ऐकू आलं, मी काय ओरडलो ते.

काल पूजा झाली. हॉल भरला होता. शिऱ्यात गिठळ्या होत्या, मी आधीच म्हटलं होतं. गाऱ्हाण्याला उभा राहिलो. नेहमीचं सगळं झालं, नोकऱ्या, व्हिसे, गजेंद्रच्या सासऱ्यांचा मोतीबिंदू, एकनाथची वास्तू. लोक 'व्हय' म्हणत होते, पण काहीतरी उशिरा, विस्कळीत. कळेना काय बिघडलंय ते.

मग म्हटलं, आता घ्यायचं नाव. आणि ते तोंडातून निघेना, अगो! लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर चारचौघांत कधी घेतलंय मी तुझं नाव? अगो म्हणतो, पूर्वाची आई म्हणतो. शेवटी डोळे उघडे ठेवून म्हटलं, 'आणि माझी बायको प्रेमा. ती खय आसात थय तिका सुखरूप ठेव. आणि तिका जय जावचा आसात थय जावंदे म्हाराजा!'

कुणीच 'व्हय' म्हटलं नाही. एवढा हॉल, एक आवाज नाही. तेव्हा कळलं काय बिघडलं होतं. पहिलं 'व्हय' माझ्या मागून तुझं यायचं, आणि त्याच्यावर बाकीचे म्हणायचे. इतकी वर्षं मला वाटायचं लोक माझ्या आवाजावर म्हणतात.

आणि लोकांची तऱ्हा ऐक. पूजा झाल्यावर बायका रांगेने माझ्याकडे, चेहरे पाडून. 'काका, काय निघालं काकूंना? कुठल्या स्टेजला आहे?' बायकोचं नाव घेऊन मागितलं म्हणजे ती अंथरुणाला खिळली असणार, दुसरं काही यांच्या डोक्यात येतच नाही! माझं टाळकंच फिरलं. भर हॉलमध्ये म्हटलं, तिला काही झालेलं नाही. ती चिलीला गेली आहे, पाठीवर तंबू बांधून, एकटी डोंगर चढून ग्लेशियर बघून आली आहे. मी खोटं सांगितलं होतं, पुण्याला गेली म्हणून. कुणाचं काही म्हणणं आहे? गजेंद्र हसायला लागला. त्याला म्हटलं, आधी तुझ्या बायकोचं नाव घेऊन दाखव इथे सगळ्यांसमोर, मग हस. त्याने शिऱ्याच्या वाटीत डोकं घातलं.

गाऱ्हाणं अर्धं राहिलंय, प्रेमा. 'व्हय' आल्याशिवाय ते देवापर्यंत जात नाही, हे तुला मी सांगायला नको. पुण्याला जायचं असेल तर जा. मागितलं तसंच मागितलंय मी, शब्द फिरवणार नाही. पण तिथून तरी 'व्हय' म्हण. रागाने म्हटलंस तरी चालेल.

मसाल्याचं कपाट उघडलं होतं. आत चौकोनी पांढरा डाग आहे, कॅलेंडरचा. तो मी कधी बघितलाच नव्हता.

बाळकृष्ण


दुबई विमानतळ
१० फेब्रुवारी

अहो,

व्हय म्हाराजा.

आधी हे लिहून टाकते, बाकीचं नंतर. देवाला ताटकळत ठेवू नये.

तुमचं पत्र मी उभ्यानेच वाचलं. नूतनला व्हीलचेअर मिळाली आहे, ती राणीसारखी बसून सगळ्यांना हुकूम सोडतेय. राग माझा गेलेला नाही, हे समजून असा. त्या गणपतीतल्या ओल्या टाक्यांचा राग एका पूजेत जायचा नाही. पण 'जय जावचा आसात थय जावंदे' हे तुम्हाला कुणी शिकवलं? बाबांनी तर नक्कीच नाही.

तिकिटाच्या काउंटरवर लाइन होती. माझा नंबर आला. मुलगा म्हणाला, 'आंटी, मस्कत या पुणे?' मी म्हटलं, एक मिनिट. आणि माझ्या मनात आलं, यांनी घेतलं, मग मी का मागे राहू? मीही तुमचं नाव कधी घेतलेलं नाही, 'अहो'तच जन्म गेला. म्हणून तिथेच, सगळ्या लाइनीत, मोठ्याने म्हटलं, 'बाळकृष्ण!'

मागची मल्याळी बाई घाबरली. तिला वाटलं माझा माणूस हरवला. इकडेतिकडे बघून म्हणाली, 'किधर गया आपका हजबंड?' मी म्हटलं, वो कहीं नहीं गया, मैं गई थी.

दुपारी मस्कतला उतरते. जहूरला पाठवू नका, तुम्ही स्वतः या, सॅक जड आहे. येताना शेंडीवाला नारळ आणा, माझा एक फोडायचा राहिलाय. आणि पुढची रजा कुठे घालवायची ते मी ठरवणार. त्याला उत्तर आत्ताच, याच पत्राखाली पाठवा. इन्शाल्ला चालणार नाही.

प्रेमा